गुरुजींना उचलणारा माणूस

"उद्या सकाळी क्रेनला पाठवते," असं एजन्सीच्या बाई फोनवर म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, बाबांना उचलायला खरंच एखादं यंत्र येणार. बाबा होतेच तसे अंगानं भरभक्कम. म्हणून मी खोलीतलं टेबल सरकवून जागासुद्धा करून ठेवली होती.

सकाळी दार उघडलं तर समोर सायकलच्या पंपाएवढा एक माणूस. बारीक मान, मोठे कान, हातात कापडी पिशवी.

"क्रेन?" मी विचारलं.

"मीच. पेशंट कुठं आहेत?"

पेशंट म्हणजे माझे वडील. आमच्या गल्लीच्या टोकाला जे प्रार्थनाघर आहे तिथे त्यांनी उभी हयात प्रवचनं केली. अर्धं शहर त्यांना गुरुजी म्हणायचं. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या माणसानं दचकून सरळ बसावं. न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा धरेनात. आई आधीच गेलेली. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी घ्यायला बसते, त्यामुळे दिवसभर घरी कुणीतरी हवंच होतं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, गावातच वेगळा राहतो. माणूस ठेवायचा तर त्याची परीक्षा मीच घेणार, असं त्यानं आधीच बजावलं होतं.

दादा खुर्चीत बसला, क्रेनला उभंच ठेवलं. अनुभव विचारला, व्यसनं विचारली. मग घसा साफ करून म्हणाला, "हे गुरुजींचं घर आहे. तुमची श्रद्धा आहे ना?"

"नाही."

"म्हणजे आमच्या पंथाचे नाही?"

"कुठल्याच नाही."

दादा माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच हा माणूस घरी शिवून आणला होता. "अहो, निदान हो तरी म्हणायचं," तो वैतागून म्हणाला. "कुणी तपासायला येणार होतं का?"

"हो म्हटलं असतं, तर रोज सकाळी प्रार्थनेला बसवलं असतं तुम्ही. आज ना उद्या कळलंच असतं."

दादा त्याला वाटेला लावणार, तेवढ्यात आतून बाबांची हाक आली. हाक कसली, रागात बुडवलेली विनवणी होती. त्यांना न्हाणीघरात जायचं होतं आणि आता थांबणं शक्य नव्हतं. एरवी दादा आणि मी दोघं मिळून त्यांना उठवायचो. बाबा कळवळायचे, आम्ही एकमेकांवर खेकसायचो, आणि कधीकधी उशीर होऊन जायचा. क्रेन कुणाची परवानगी न घेता आत गेला. बाबांच्या कानाशी काहीतरी बोलला, त्यांचे हात स्वतःच्या गळ्याभोवती घेतले, गुडघ्यानं गुडघा अडवला आणि एखादं दार बिजागरीवर फिरावं तसे बाबा उठून चाकाच्या खुर्चीत आले. कुठे हूं की चूं नाही.

परत पलंगावर पडल्यावर बाबा छताकडे बघत म्हणाले, "ठेवा याला."

"बाबा, पण हा..."

"ऐकलं मी. पाय मोडलाय, कान नाही."

आता तुम्हाला बाबांचं एक सांगायला हवं. त्यांची सगळी प्रवचनं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायची. ज्याला वरच्याचं भय नाही, तो आज ना उद्या तुमच्या खिशात हात घालणार. माणसाची नीती श्रद्धेवर उभी असते, श्रद्धा काढली की सगळं कोसळलं. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की लहानपणी मी आणि दादा ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायचो. आणि आता असा एक माणूस त्यांना रोज अंघोळ घालणार होता.

बाबा काही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. रोज सकाळी दाढीच्या वेळी वाद सुरू व्हायचा. मी डबा भरता भरता स्वयंपाकघरातून ऐकायची.

"चोरी का करत नाहीस रे तू?" बाबा साबणाच्या फेसातून विचारायचे.

"हनुवटी वर करा."

"उत्तर दे. तुला कुणाचं भय नाही, पुढे हिशेब द्यायचा नाही. मग का नाही करत?"

"केली आहे की एकदा."

स्वयंपाकघरात माझा हात थांबला. क्रेननं वस्तरा बाजूला ठेवून सांगितलं. या कामाला लागण्यापूर्वी तो लोकांच्या घरांचं सामान हलवायचा. एक लाकडी कपाट त्यानं एकट्यानं पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवलं, तेव्हा त्याला हे नाव पडलं. एका म्हातारीचं घर हलवताना त्याला पितळेचं एवढंसं कासव दिसलं. आवडलं. खिशात टाकलं. नव्या घरी सामान लावून झालं तर म्हातारी म्हणते, माझं कासव कुठं दिसेना, जरा कोचाखाली बघ रे बाळा.

"मग?"

"मग काय. गुडघ्यावर बसलो आणि कोचाखाली हात घालून शोधायला लागलो. कासव माझ्याच खिशात. ती वाकून बघतेय, बिचारीला धड वाकताही येत नव्हतं. शेवटी सापडलं मला."

"म्हणजे चोरी केलीस आणि वर खोटंही बोललास!"

"हो. आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. गुणी आहेस म्हणाली. ते अजून टोचतं."

बाबांना आनंद झाला. त्यांनी बोट उगारलं. "ते जे टोचतं ना, तोच देव. तू ओळखलं नाहीस, एवढंच."

"तुम्ही देव म्हणा," क्रेन म्हणाला. "मला तर ती म्हातारीच दिसते. आता हलू नका, कानाजवळ आलोय."

असं चालायचं. कुणीच हरत नव्हतं. उलट बाबांच्या जेवणाला रुची आली. दुपारी झोपण्याऐवजी ते उद्याच्या दाढीसाठी मुद्दे जमवायचे. मी त्याला क्रेनभाऊ म्हणायला लागले, कारण 'अहो क्रेन' म्हटलं की मलाच हसू यायचं.

त्याच्या बायकोबद्दल त्यानं मला एकदाच सांगितलं, गॅलरीत चादरी वाळत घालताना. तिच्या अंगातली ताकद हळूहळू गेली. आधी बोटं, मग हात, मग पाय. माणसाला न दुखवता कसं उचलायचं हे तो तिच्यावरच शिकला. ती फार श्रद्धाळू. तो तिला दर आठवड्याला खुर्चीतून प्रार्थनेला घेऊन जायचा, आत तिच्या मैत्रिणींच्या हवाली करायचा आणि स्वतः बाहेर पायरीवर शेंगदाणे खात बसायचा.

"शेवटी शेवटी म्हणायची, आज तरी आत चल, माझ्याशेजारी बस. काही म्हणू नकोस, नुसता बस. मी नाही गेलो. मला वाटायचं, आत खोटं बसण्यापेक्षा बाहेर खरं बसावं." त्यानं चादरीचा कोपरा ताणून चिमटा लावला. "आता वाटतं, बसलो असतो तर माझं काय झिजलं असतं?"

मी दुसरी चादर पुढे केली.

*

आमच्या मागच्या रस्त्यावर, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणखी एक प्रार्थनाघर आहे. ते धाकट्या गुरुजींचं. धाकटे गुरुजी म्हणजे एके काळचे बाबांचे उजवे हात. बाबांच्या प्रवचनाआधी तेच प्रार्थना सांगायचे. त्यांच्या मुलीच्या आणि माझ्या वेण्या एकाच बाकावर माझी आई आणि तिची आई घालायच्या. मग कधीतरी प्रार्थना उभ्यानं म्हणायची की बसून, यावरून दोघांचं फाटलं. आज हसू येतं, पण तेव्हा घराघरांत भांडणं झाली. धाकटे गुरुजी बसणाऱ्यांना घेऊन वेगळे झाले. त्या दिवसापासून बाबांनी त्यांचं नाव घेतलं नाही. क्षमेवर बाबांचं फार सुंदर प्रवचन होतं, ऐकून बायका डोळे पुसायच्या. पण रस्त्यात समोरून धाकटे गुरुजी दिसले की बाबा पलीकडच्या फुटपाथवर जायचे. आणि धाकटे गुरुजी काही कमी नव्हते. तेही मान फिरवून रंगाच्या डब्यांकडे बघत उभे राहायचे. दोघं एकाच ग्रंथातली एकच पानं वाचून दाखवत होते, पाठीला पाठ लावून.

एके दिवशी मी ऑफिसात असताना क्रेनचा फोन आला. तो ऑफिसात कधी फोन करत नसे.

"ताई, मी गुरुजींना एकटं सोडून बाहेर गेलो होतो. ते पडले. कपाळाला टेंगूळ आलंय, बाकी हाड वगैरे ठीक वाटतंय. डॉक्टरांना कळवलंय. तुम्ही या."

कारणही त्यानंच सांगितलं. दुपारी दार वाजलं. दारात काकू, धाकट्या गुरुजींची बायको. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याशी आलेली, पायात चप्पल नाही, धाप लागलेली. ते न्हाणीघरात घसरून पडलेत, पाय वाकडा झालाय, दार अडलंय, रस्त्यावरच्या दोघांनी ओढायचा प्रयत्न केला तर ते किंचाळतात. तुमच्याकडे तो उचलणारा माणूस आहे ना, त्याला पाठवा.

क्रेननं बाबांना विचारलं, "जाऊन येऊ?"

बाबा म्हणाले, "नाही जायचं."

"गुरुजी, माणूस पडलाय."

"तू माझ्यासाठी आहेस. नाही म्हणजे नाही."

क्रेन गेला. पाण्याचा पेला बाबांच्या हाताशी ठेवून, पलंगाचा कठडा वर करून गेला. त्यानं धाकट्या गुरुजींना कसं बाहेर काढलं, पायाला फळी कशी बांधली, ते काकू पुढे कित्येक दिवस लोकांना सांगत होत्या. पण तोवर इकडे बाबांनी रागानं कठड्यावरून पाय टाकायचा प्रयत्न केला. कुठे जायचं होतं त्यांना, कुणास ठाऊक. मला विचाराल तर, तुझ्यावाचून माझं अडत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

संध्याकाळी दादा आला आणि त्यानं क्रेनला काढून टाकलं. मी मध्ये पडून कारण सांगायला लागले तर दादा म्हणाला, "कुठेही गेला असेल. पेशंटला एकटं टाकून जायचं? अजून एक हाड मोडलं असतं म्हणजे?" दादाचं चूक नव्हतं.

क्रेनही तेच म्हणाला. "बरोबर आहे. शेजारच्या वहिनींना हाक मारून बसवायला हवं होतं, मला सुचलं नाही." कापडी पिशवी उचलून त्यानं बाबांना नमस्कार केला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

*

नवीन माणूस आला तो पूर्वी कपडे शिवायचा, म्हणून त्याला सगळे टेलर म्हणत. टेलर श्रद्धाळू होता. आल्याबरोबर आधी हात जोडले, मग हात धुतले. खरं सांगते, तो वाईट निघावा असं मला मनातून वाटत होतं. म्हणजे माझ्यापुरता प्रश्न सुटला असता. पण तो वाईट निघाला नाही. हाताचा हलका, जिभेचा गोड. एका दुपारी बाबांचं पोट बिघडलं तर त्यानं न कंटाळता पुन्हा पुन्हा चादरी बदलल्या आणि वर बाबांनाच धीर दिला. सकाळी दोघं मिळून प्रार्थना म्हणायचे. टेलरचा आवाज सुरेल होता. दादा खूश, मी निर्धास्त.

फक्त दाढीच्या वेळी खोलीत फार शांतता असायची. बाबा काही म्हणाले की टेलर म्हणायचा, "अगदी खरं गुरुजी."

एका सकाळी बाबांनी त्याला विचारलं, "समज, माझ्या वैऱ्याच्या घरून कुणी बोलवायला आलं. तो पडलाय, मरतोय. आणि मी म्हटलं, जाऊ नकोस. तर तू काय करशील?"

मी स्वयंपाकघरातला नळ बंद केला.

टेलर प्रामाणिक माणूस, त्याला पटकन बरं दिसणारं उत्तर देता येईना. "गुरुजी, तुम्ही नको म्हटल्यावर मी गेलो नसतो. तुमचा शब्द मोडायची माझी छाती झाली नसती." मग थोड्या वेळानं, "आणि मला जन्मभर वाईट वाटलं असतं."

"हं," बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी अर्धीच भाजी खाल्ली. मी ऑफिसला निघताना म्हणाले, "त्याचा पाय कसा आहे, बघून ये." कुणाचा, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

ऑफिस सुटल्यावर मी रंगाच्या दुकानाशेजारचा जिना चढले. काकूंनी दार उघडलं आणि माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. आत पलंगावर प्लास्टरमध्ये पाय घातलेले धाकटे गुरुजी, केस पार पिकलेले. आणि खिडकीशी बसून त्यांचं धोतर घडी घालत असलेला क्रेन. एजन्सी दुसरं घर देईपर्यंत तो इथेच येत होता.

धाकट्या गुरुजींनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "पाणी पितो का गं तो?"

"कोण, बाबा?"

"पूर्वीपासून कमी पितो. बोलून बोलून घसा सुकला तरी ध्यानात नसायचं. मीच पेला पुढे करायचो. अंथरुणावर पडलेल्या माणसानं पाणी कमी पिऊन चालत नाही, हा क्रेन सांगत होता मला."

क्रेन म्हणाला, "मी असताना प्यायचे. आता ठाऊक नाही."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "माफी मागितली त्यानं?"

"नाही. तुम्ही पाणी पिता का, एवढं विचारलं."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचे पाइप. मग म्हणाले, "आण बघू पेला." पाणी प्यायले. तोंड पुसलं. "मला तिकडं न्यायचं झालं तर कसं नेता येईल?"

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. टेलरनं एकट्यानं नेणं शक्य नव्हतं. म्हणून क्रेनला बोलावलं. दादाला मी सांगितलंच नाही, झाल्यावर कळवलं. बाबांना खुर्चीत पट्ट्यानं बांधून एक पुढून आणि एक मागून असे ते दोघं निघाले. टेलर प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायचा आणि क्रेन मागून म्हणायचा, "नाव घे, पण पायरी बघ." बाबा मध्ये बसून दोघांना रागवत होते. खालच्या मजल्यावरची मंडळी दारं उघडून बघायला लागली. तिकडे वर चढताना मात्र कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. टेलरचा चेहरा लालबुंद झाला होता आणि क्रेनच्या बारीक मानेवर शिरा उठल्या होत्या.

दोन म्हातारे समोरासमोर आले. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, रडतील. तसं काही झालं नाही. धाकटे गुरुजी म्हणाले, "वाळलास." बाबा म्हणाले, "तू काय फुगलायस?" काकूंनी चहा दिला. कपातला चहा संपतोय न संपतोय तोच दोघांचं पुन्हा जुंपलं. प्रार्थना बसूनच म्हणायला हवी, कारण ग्रंथात असं लिहिलंय. नाही, उभ्यानंच, कारण ग्रंथात तसं लिहिलंय. आवाज चढले. टेलर कावराबावरा झाला. काकू मला डोळ्यांनी विचारत होत्या, आता काय करायचं?

क्रेन दाराशी घाम पुसत उभा होता. म्हणाला, "आता दोघंही आडवे पडूनच म्हणता ना?"

धाकटे गुरुजी असे हसले, की प्लास्टरमधला पाय दुखून कळवळले आणि तरी हसत राहिले. बाबांना हसायचं नव्हतं. ओठ आवळून धरले, गाल फुगवले, आणि शेवटी फुटलेच.

त्यानंतर दर आठवड्याला जाणं सुरू झालं. भांडण दर वेळी व्हायचं, पण वेगवेगळ्या विषयावर. क्रेन आमच्याकडे परत आला. दादानं कुरकुर केली, पण टेलरनंच सांगितलं की गुरुजी एकट्यानं आवरत नाहीत, दोघं लागतात. सकाळी टेलर, दुपारनंतर क्रेन अशी वाटणी झाली, आणि जिन्यासाठी दोघं.

*

थंडी सरता सरता बाबांनी हट्ट धरला, मला एकदा बोलायचंय. प्रार्थनाघरात निरोप गेला. त्या दिवशी इतकी गर्दी झाली की लोक भिंतीला टेकून उभे होते. मागच्या बाकावर काकूही येऊन बसल्या, आणि लोक सरकून त्यांना जागा देत होते.

जमीन उताराची, खुर्ची पुढे घसरायची. कुणीतरी मागून धरून उभं राहायला हवं होतं. इतक्या लोकांसमोर जायला टेलर बिचकला. म्हणून क्रेन आत आला आणि शेवटपर्यंत खुर्चीचे दांडे धरून उभा राहिला. बायकोसाठी जे केलं नव्हतं ते असं कामाच्या ओघात होऊन गेलं.

बाबांचा आवाज राहिला नव्हता, पण लोक कान देऊन ऐकत होते. सुरुवात नेहमीचीच झाली. ज्याला वरच्याचं भय नाही, तो आज ना उद्या... आणि बाबा थांबले. मला वाटलं विसरले. दादा उठून पुढे जायला निघाला.

"विसरलो नाही," बाबा म्हणाले. "हे वाक्य मी तुम्हाला जन्मभर सांगितलं. आता मला जो माणूस रोज उचलतो, त्याला कुणाचं भय नाही. माझंसुद्धा नाही. ज्या दिवशी माझा मित्र पडला त्या दिवशी मी, तुमचा गुरुजी, म्हणालो जाऊ नकोस. हा गेला. दुसरा माणूस आहे माझ्याकडे, तो श्रद्धाळू आहे, आणि त्याच्याइतका मायाळू माणूस मी पाहिला नाही. माझी श्रद्धा आहे तशीच आहे. मी रोज प्रार्थना करतो, मला त्यावाचून करमत नाही. पण ते जुनं वाक्य आता माझ्या तोंडातून येत नाही. त्याच्या जागी कुठलं ठेवायचं ते मला ठाऊक नाही. तुम्हाला सुचलं तर मला येऊन सांगा. मी घरीच असतो."

एवढंच. काही लोक मध्येच उठून गेले. एक गृहस्थ दाराशी मोठ्यानं म्हणाले, "म्हातारपणी डोकं फिरलं." एक बाई रडत होत्या, का ते त्यांनाच माहीत. दादा आठवडाभर घरी आला नाही. मग आला आणि बाबांच्या पायाशी बसून मुकाट्यानं त्यांची नखं कापत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा क्रेनची वाट बघत होते. शाबासकी हवी होती त्यांना, दुसरं काय!

"कसं झालं काल?"

"औषधाची वेळ टळली तुमची."

"ते सोड. बोललो कसा?"

क्रेन उशी सारखी करत होता. "मला फार चांगला करून टाकलंत. मी तुम्हाला एकटं टाकून गेलो, तुम्ही पडलात, ते सांगितलंच नाही."

"ते मी केव्हाच माफ केलंय."

"तुम्ही केलंत. मी नाही."

बाबांनी अंथरुणावरून हात लांब करून त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "इथे माझ्याजवळ असं काहीतरी आहे, की ज्याच्यापुढे आपली चूक ठेवता येते आणि हलकं होता येतं. तुझ्याकडे तेवढं नाही, एवढंच मला तुझ्याबद्दल वाईट वाटतं रे."

क्रेननं यावर वाद घातला नाही. "असेल," म्हणाला. "पण मला ते हलकं झालेलं नकोच आहे. आठवण राहिली की पुढच्या वेळी शेजारच्या वहिनींना हाक मारायची सुचेल." आणि मनगट सोडवून न घेता तो तसाच पलंगाच्या कडेवर बसून राहिला, बाबांना डुलकी लागेपर्यंत.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले, भर दुपारी, झोपेतच. टेलरनं शेजारी बसून त्यांची आवडती प्रार्थना म्हटली. क्रेननं त्यांची दाढी केली, नेहमीसारखी, कानाजवळ सावकाश. धाकट्या गुरुजींना खुर्चीतून आणलं. त्यांनी उभ्यानं प्रार्थना म्हणायचा हट्ट धरला, आणि त्या दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना तेवढा वेळ उभं धरलं.

आता एजन्सी भारी पेशंटकडे त्या दोघांना जोडीनंच पाठवते. मध्यंतरी जिना उतरताना क्रेनची पाठ धरली, तर टेलर महिनाभर त्याच्या खोलीवर राहिला. मी भेटायला गेले तेव्हा दोघांचं काहीतरी बिनसलं होतं. टेलरनं गरम पाण्याची पिशवी पाठीच्या फार वर ठेवली, असं क्रेनचं म्हणणं. टेलर म्हणत होता, मला शिकवू नकोस, पालथा झोप. मी आणलेली संत्री सोलून दोघांच्या हातावर ठेवली. टेलरनं डोळे मिटून क्षणभर आभार मानले. क्रेन तोवर थांबला, आणि मग दोघांनी बरोबरच खायला सुरुवात केली.